गावात हाफ मॅरेथॉन भरवायची आहे? शेवटच्या धावपटूपासून सुरुवात करा

कोकणातल्या एखाद्या गावात रविवारी पहाटे पंधरा-वीस जण नेमाने एकत्र धावायला लागले की वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यातलं कुणीतरी म्हणतंच, "रात्रभर गाडीत बसून मुंबई-पुण्याला धावायला जायचं कशाला? आपल्याच रस्त्यावर एक हाफ भरवूया की." विचार चांगला आहे. फक्त पुढची अर्धी बैठक मेडलचा आकार, टी-शर्टचा रंग आणि उद्घाटनाला कोण येणार यातच जाते. ते सगळं नंतरही ठरतं. आधी एकच प्रश्न कागदावर लिहा: आपला सगळ्यात शेवटचा धावपटू किती वाजता पोचणार?

रस्ता किती वेळ सांभाळायचा, पाणी किती, डॉक्टर किती वाजेपर्यंत थांबणार, ऊन कुणाला लागणार, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. पहिला येणारा सव्वा तासात येतो आणि फोटो काढून मोकळा होतो. त्याची काळजी फारशी करावी लागत नाही. किलोमीटरला दहा मिनिटं या गतीने चालत-धावत येणाऱ्याला हाफच्या २१ किलोमीटरला साडेतीन तास लागतात. सकाळी ६ ला सोडलं तर तो साडेनऊला येईल. पोलीस म्हणाले की रस्ता ९ लाच मोकळा हवा, तर तुमचा कट-ऑफ (धाव संपवायची कमाल मुदत) तीन तासांचा झाला, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं. मग तो आकडा नोंदणीच्या फॉर्मवर ठळक छापा. फॉर्मवर साडेतीन तास लिहायचे आणि ९ वाजता टेबलं उचलायची, हे करू नका.

तारीख

कोकणात धावण्याजोगे दिवस मोजकेच. ऑक्टोबर चिकट, नोव्हेंबरात अधूनमधून पाऊस शिंतोडे टाकतो, मार्चपासून घाम सुकतच नाही. डिसेंबरचा पहिला पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा हंगाम. या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. दिवस वर आला की वारा फिरतो, खारं आणि दमट काहीतरी अंगाला चिकटायला लागतं. तुमचे मागचे धावपटू नेमके तेव्हाच शेवटच्या पाच किलोमीटरवर असतात.

हंगामातून मग एकेक रविवार खोडत जा. नाताळ ते एक जानेवारी पर्यटकांच्या गाड्यांनी समुद्राकडचे रस्ते तुंबतात, ते बाद. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली असेल तर तेही बाद. मुंबईची मोठी मॅरेथॉन साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. त्या दिवशी धावपटूही तिकडे आणि धावण्याची वेळ मोजणारे टायमिंगवालेही तिकडे. जत्रांची गोष्ट आणखी वेगळी. आंगणेवाडीसारख्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर ठरत नाही, देवीच्या कौलाने ठरते. तुमच्या वाटेतल्या गावचंही असं काही असेल तर गुरव आणि मानकऱ्यांना आधी विचारा. पालखीच्या दिवशी कमान उभारून बसलात तर चूक तुमचीच धरली जाईल, आणि ते बरोबरही आहे.

एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या आयोजकांच्या डोक्यातच येत नाही. याच महिन्यांत आंब्याला मोहोर असतो आणि बागायतदार सकाळीच फवारणी करतात. रस्त्याकडेच्या कलमांवर त्या पहाटे औषध मारलं तर धावणाऱ्यांच्या छातीत ते जाणारच. बागायतदारांच्या घरी जाऊन सांगितलं, तर एक सकाळ पुढे-मागे करायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. आठवडाभर आधी सांगा. आदल्या रात्री फोन केलात तर औषध कालवून तयार असतं.

सुटण्याची वेळ

इथे कोकणाचा भूगोल आडवा येतो. जानेवारीत रत्नागिरीला सूर्य सातनंतर उगवतो आणि पूर्वेला सह्याद्री आणि मधल्या टेकड्या असल्यामुळे ऊन खाली उतरायला आणखी वेळ जातो. पावणेसातपर्यंत पायाखालचं नीट दिसत नाही. लवकर सोडलं तर काळोख, उशिरा सोडलं तर शेवटच्याला ऊन. माझं मत लवकरच्या बाजूने आहे, कारण काळोखावर दिवे लावता येतात, उन्हावर काही लावता येत नाही. सकाळी ६ किंवा सव्वासहाला सोडा. पहिले पाच-सहा किलोमीटर पथदिवे असलेल्या वस्तीतून जातील असा मार्ग आखा. त्या भागातले बंद दिवे नगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून आठवड्याभरात बदलून घ्या. त्या पहाटे वीज जाणार नाही ना, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारून ठेवा.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही. म्हणजे सव्वापाचला झुंबा आणि ढोलकीच्या तालावर वॉर्मअप हे मोठ्या शहरांत पाहिलेलं दृश्य इथे करायला जाऊ नका. गाव झोपलेलं असतं आणि पुढे साडेतीन तास त्याच गावाचा रस्ता तुम्हाला हवा असतो. शिट्टी आणि हातातला साधा भोंगा पुरतो.

मार्ग

कोकणात सपाट २१ किलोमीटर मिळणं म्हणजे नशीब. अलिबाग-नागाव-चौल-रेवदंडा हा पट्टा बराचसा सपाट आहे. दापोली सड्यावर, म्हणजे उंचावरच्या कातळी पठारावर आहे, तिथून हर्णैकडे निघालं की उतारच उतार, आणि जाऊन परत यायचं तर तोच उतार शेवटी चढ होऊन उभा राहतो. रत्नागिरीत भाट्ये पूल ओलांडून पावसच्या दिशेला निघालात तर समुद्र दिसतो, पण घाटीही लागते. चढ असला म्हणून बिघडत नाही. लोक चढ मारायला येतातही. मात्र तो कितव्या किलोमीटरला आहे आणि किती लांब आहे हे आधी छापून सांगा, आणि शक्यतो पंधराव्या किलोमीटरच्या आत संपवा.

जाऊन-येऊन असा मार्ग असेल तर एकच रस्ता सांभाळावा लागतो, पाण्याची टेबलं दोन्ही वेळा कामी येतात, म्हणून लहान क्लबला तो परवडतो. अडचण येते ती अरुंद जागेची: साकव, खाडीवरचा जुना पूल, बाजारपेठेतली गल्ली. जाणारे आणि येणारे तिथे समोरासमोर आले तर गोंधळ. हे आधीच हिशेबाने कळतं. समजा अरुंद पूल सुरुवातीपासून ३ किलोमीटरवर आहे. शेवटचा माणूस दहा मिनिटांच्या गतीने तिथून तिसाव्या मिनिटाला पार होतो. सव्वा तासात पूर्ण करणारा पहिला धावपटू परतताना तिथे पोचतो चौसष्टाव्या मिनिटाच्या आसपास. गाठ पडत नाही. तोच पूल ८ किलोमीटरवर असेल तर शेवटचा तिथे ऐंशीव्या मिनिटाला जातो, आणि पहिला परत येतो सत्तेचाळिसाव्या मिनिटाला. म्हणजे तेहेतीस मिनिटं पुलावर दोन्हीकडून माणसं. अशा वेळी सुरुवातीची जागा सरकवा, किंवा पुलाच्या अलीकडूनच वळा.

मार्ग नक्की करण्याआधी तो तीनदा बघा. एकदा पहाटे सहाला, एकदा रविवारी सकाळी नऊला, आणि एकदा सायकलवरून सावकाश. पहाटे गेलात की कळतं, मासळीच्या गाड्यांतून गळलेल्या पाण्याने बंदराजवळचं वळण निसरडं असतं, कुठल्या वाडीची कुत्री अंगावर येतात, पहिली एसटी किती वाजता निघते. नऊला गेलात की कळतं सावली कुठे संपते. सड्यावर कातळ तापायला वेळ लागत नाही आणि तिथे झाड नावाला नसतं. तो तुकडा शेवटच्या तासात येत असेल तर तिथे पाण्याचं टेबल हवंच.

शेवट पुळणीवर करायचा मोह सगळ्यांना होतो. फोटो छान येतात हे खरं. पण २१ किलोमीटर धावलेल्या पायांना मऊ वाळू म्हणजे शिक्षा आहे, परवानग्या वाढतात, आणि गुहागर, वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे पहाटेचे प्रखर दिवे आणि कमानी नकोतच. शेवट शाळेच्या मैदानावर करा. संडास, नळ, सावली, वर्गखोल्या, सगळं तिथे असतं.

अंतर मोजणं

हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. हे अंतर घड्याळाच्या जीपीएसवर किंवा गाडीच्या मीटरवर मोजून चालत नाही. माडाखालून, डोंगराच्या कडेने जाताना घड्याळ हलतं आणि प्रत्येकाचं वेगळं सांगतं. जगभर मान्य पद्धत सायकलची आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र बसवतात. ते चाकाच्या एका फेरीत वीसहून अधिक आकडे मोजतं. आधी एका सरळ, सपाट रस्त्यावर पोलादी टेपने तीनशे ते पाचशे मीटर अंतर आखायचं आणि त्यावरून सायकल चार वेळा न्यायची, म्हणजे एका किलोमीटरला किती आकडे होतात ते कळतं. मग मार्ग मोजायचा, आणि लगेच परत येऊन पुन्हा चार वेळा तेच आखलेलं अंतर. ऊन वाढलं की टायरमधली हवा फुगते, आकडा बदलतो, म्हणून दोन्ही वेळा करावं लागतं. आपल्याकडे सकाळी सात आणि दुपारी बाराच्या हवेत जेवढा फरक असतो तेवढ्यात हा बदल स्पष्ट दिसतो.

मोजताना सायकल धावपटूला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या रेषेवरून न्यायची: वळणाला आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवर, आणि एका वळणाकडून दुसऱ्याकडे तिरपी. कोकणातले रस्ते इतके वळणाचे की याने मोठा फरक पडतो. डाव्या बाजूने मोजलंत आणि स्पर्धेत लोक पूर्ण रस्त्यावरून कोपरे कापत धावले, तर तुमची स्पर्धा कमी अंतराची झाली. म्हणून आधी ठरवा: धावपटूंना पूर्ण रस्ता देणार की अर्धा? अर्धा देणार असाल तर मधोमध शंकू लावा आणि तेवढाच भाग मोजा. शेवटी दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरायचा असा नियम आहे, म्हणजे हाफला जवळपास एकवीस मीटर, अंतर चुकून कमी भरू नये म्हणून. किलोमीटरच्या खुणा रस्त्यावर रंगाने करा आणि जवळचा विजेचा खांब किंवा मोरीचा क्रमांक वहीत लिहा. रंग पावसाळ्यात जातो, वही राहते.

वर्ल्ड अॅथलेटिक्स आणि एम्स (रस्त्यावरच्या मॅरेथॉन शर्यतींची आंतरराष्ट्रीय संघटना) यांनी मान्यता दिलेल्या मोजणीदाराकडून मार्ग प्रमाणित करून घेता येतो. पहिल्या वर्षी तो खर्च झेपला नाही तर हरकत नाही, पण मग जाहिरातीत "प्रमाणित" हा शब्द घालू नका. आणि घड्याळात २१.३ दाखवलं म्हणून भांडायला येणारा एक तरी असतोच. त्याच्यासाठी मोजणीची पद्धत आधीच धावपटूंच्या पत्रकात दोन ओळींत लिहा.

परवानग्या

चार महिने आधी सुरुवात करा. रस्ता कुणाचा आहे ते आधी शोधा: राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे, शहरातले नगरपालिकेकडे. एकाच मार्गात तिन्ही येऊ शकतात. मुंबई-गोवा महामार्ग ओलांडावा लागेल असा मार्ग आखूच नका.

पोलिसांकडे अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे, प्रत वाहतूक शाखेला आणि मार्गातल्या प्रत्येक ठाण्याला. सोबत नकाशा, प्रत्येक फाट्यावर तुमचे किती लोक असतील त्याची यादी, रस्ता बंद आणि खुला होण्याची वेळ तुकड्या-तुकड्यांनी, आणि पर्यायी मार्ग. तुकड्या महत्त्वाच्या. "सकाळी ६ ते १० रस्ता बंद" असं मागितलंत तर नकार मिळेल. "तिसऱ्या किलोमीटरपर्यंतचा भाग पावणेसातला एका बाजूने खुला" असं मागितलंत की समोरचा अधिकारी नकाशा ओढून घेऊन बघायला लागतो. वाहतूक वळवण्याचा आदेश मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ खाली निघतो. महिन्याभराच्या आतल्या बंदीला राजपत्रात छापावं लागत नाही, पण स्थानिक प्रसिद्धी द्यावी लागते. ती पोलिसांवर न सोडता तुम्हीच करा, त्यात तुमचाच फायदा आहे.

एसटीचे आगारप्रमुख, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा क्रीडा अधिकारी यांना पत्रं द्या. क्लब नोंदणीकृत संस्था नसेल तर आधी ते काम उरका. नोंदणी, पॅन आणि बँक खातं असल्याशिवाय परवानगी कुणाच्या नावे मागणार आणि प्रायोजकाचा धनादेश कुठे भरणार?

वाटेतली गावं

कागदावरची परवानगी पोलीस देतात, रस्ता गाव देतं. म्हणून प्रत्येक गावात जाऊन बसा. सरपंच, पोलीस पाटील, रिक्षा स्टँडवरची मंडळी, मच्छीमार सोसायटी, मंदिर, मशीद आणि चर्चचे विश्वस्त. पत्रक देऊन परत येऊ नका. विचारा की रविवारी सकाळी इथून कोण जातं. उत्तरं ऐकण्यासारखी असतात: बर्फाची गाडी साडेसहाला बंदरावर लागते, दूध सातला, अमक्याची आई डायलिसिसला जाते, चर्चला आठची प्रार्थना, आठवड्याचा बाजार. बर्फाची गाडी थांबवली तर होड्यांचं नुकसान. तिला धावपटूंच्या आधी पार होऊ द्या. डायलिसिसच्या रिक्षाला कुठल्याही मार्शलने (फाट्यावर उभ्या तुमच्या स्वयंसेवकाने) अडवायचं नाही, तिचा नंबर सगळ्यांकडे हवा.

आणि मग गावाला काम द्या. पाण्याचं टेबल त्या वाडीच्या मंडळाकडे, शेवटचा नाश्ता बचतगटाकडे. घावणे-चटणी, उकडलेली अंडी, केळी, वर कोकम सरबत. शहरातून मागवलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यातल्या सँडविचपेक्षा हे स्वस्त पडतं आणि लोकांच्या लक्षात राहतं. बचतगटाला अर्धे पैसे आगाऊ द्या आणि उरलेले त्याच दिवशी. तीन आठवडे फेऱ्या मारायला लावू नका.

पैसे आणि नोंदणी

यावर थोडक्यातच. खर्चाचे दोन भाग करा. पाणी, रुग्णवाहिका, विमा, मार्शल, टायमिंग: हे सगळं नोंदणी शुल्कातून निघालं पाहिजे. मेडल, टी-शर्ट, कमान, बक्षिसं प्रायोजकांकडून. प्रायोजक शेवटच्या आठवड्यात मागे सरतो हे गृहीत धरा. सरला तर टी-शर्ट जाईल, रुग्णवाहिका जाणार नाही.

पहिल्या वर्षी हाफला चारशेवर नोंदणी बंद करा, कितीही फोन आले तरी. जागेवर नोंदणी ठेवू नका. फॉर्मवर रक्तगट, औषधं, घरच्या माणसाचा नंबर, आणि बिबच्या (छातीवर लावायच्या नंबराच्या पट्टीच्या) मागच्या बाजूला तेच छापलेलं. चारशे लोकांसाठी बिबवर चिकटवलेली चिप आणि तिच्यावरून वेळ टिपणारी, रस्त्यावर अंथरायची मॅट घेणं सोयीचं, पण शेवटच्या रेषेवर एक माणूस घड्याळ घेऊन आणि दुसरा नंबर लिहीत बसलेला असावाच. मॅट बंद पडली तर हीच वही निकाल ठरते. वळणाच्या टोकालाही नंबर टिपा, म्हणजे कुणी अलीकडूनच परत फिरलं तर कळतं.

पाणी

दर अडीच किलोमीटरला एक टेबल धरा, म्हणजे पूर्ण अंतरात आठ वेळा पाणी. चारशे माणसं, प्रत्येक वेळी २०० मिली: ६४० लिटर, म्हणजे वीस लिटरचे ३२ जार. त्यावर चौथा हिस्सा वाढवा, ४० जार. शेवटच्या रेषेवर माणशी अर्धा लिटर, आणखी १० जार. सोबत पाच आणि दहा किलोमीटरच्या धावा ठेवल्या असतील तर त्यांचं वेगळं मांडा, नाहीतर ते हाफवाल्यांचं संपवून जातात. पेले ३२०० नव्हे, ५००० घ्या. लोक एक पितात आणि एक डोक्यावर ओततात. प्लास्टिकचे पेले देशभर १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. स्टीलचे पेले आणि धुण्याची टाकी हा उपाय वाडीच्या मंडळाला जमतो, पण मग टेबलाजवळ नळ हवा.

जार टेबलांवर सारखे वाटू नका. उन्हाच्या तुकड्यातल्या आणि शेवटच्या तीन टेबलांवर जास्त ठेवा. प्रत्येक टेबलावर तीन जार बाजूला, वर चिठ्ठी: "८.३० नंतर." पुढच्यांनी दोन-दोन पेले उचलले आणि मागे येणाऱ्यांना रिकामे जार दिसले, ही सगळ्यात सामान्य चूक आहे, आणि पाणी ज्याला सगळ्यात जास्त लागणार त्याच्याच वाट्याला ती येते.

नुसतं पाणीही चालत नाही. आपल्या दमटपणात घामातून मीठ खूप जातं, आणि साडेतीन तास नुसतं पाणी पीत राहिलेल्या माणसाच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरू शकतं. प्रत्येक दुसऱ्या टेबलावर मीठ-साखर घातलेलं लिंबू किंवा कोकम सरबत, किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवलेलं ओआरएस ठेवा. स्वयंसेवकांना सांगा: "पी, पी" म्हणून मागे लागू नका, तहान असेल तेवढंच.

डॉक्टर

१०८ ची रुग्णवाहिका सगळ्या तालुक्याची आहे. ती तुमच्यासाठी उभी राहील असं धरू नका. दोन रुग्णवाहिका स्वतः ठरवा, एक शेवटच्या रेषेवर, एक साधारण पंधराव्या किलोमीटरवर. बहुतेक माणसं शेवटच्या टप्प्यात किंवा रेषा ओलांडल्यावर कोसळतात. प्रत्येक मार्शलला छातीदाब (सीपीआर) शिकवा: मिनिटाला १०० ते १२०, किमान पाच सेंटिमीटर खोल. स्थानिक डॉक्टरांच्या संघटनेकडे मागितलं तर एका संध्याकाळी शिकवून देतात. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) जिल्हा रुग्णालयाकडून किंवा खासगी रुग्णालयाकडून त्या सकाळपुरतं मिळतं का बघा.

कोकणात दुसरी भीती उष्माघाताची. धावपटू अडखळतोय, भलतंच बोलतोय, अंग तापलंय, तर तो "दमलाय" असं म्हणून खुर्चीत बसवू नका. कपाळावर धरायचा तापमापक इथे फसवतो. गुदमार्गाने मोजलेलं तापमान ४० अंशांच्या वर असेल तर आधी तिथेच थंड करायचं, मग रुग्णालयात न्यायचं. आणि यासाठी लागणारं सामान आपल्या बंदरावर आयतं आहे: मासळी ठेवायचा मोठा टब आणि बर्फ कारखान्यातला बर्फ. नवा किंवा घासून धुतलेला टब शेवटच्या तंबूत अर्धा पाण्याने भरून ठेवा, शेजारी फोडलेल्या बर्फाच्या चार गोणी. माणसाला मानेपर्यंत त्यात बसवायचं, डोकं कुणीतरी धरून ठेवायचं. हा बर्फ पिण्याचा नाही, तेव्हा सरबताच्या टेबलापासून दूर ठेवा, नाहीतर कुणीतरी उत्साही हात टाकतोच.

माणसं

प्रत्येक फाट्यावर दोन मार्शल, त्यातला एक त्याच वाडीतला. दुचाकीवाल्याला "अरे बाळ्या, पाच मिनिटं थांब" हे त्याने म्हटलं तर चालतं, शहरातल्या कॉलेजच्या मुलाने शिट्टी मारली तर वाजतं. मार्शलला दोनच नियम: रुग्ण आणि अंत्ययात्रा अडवायची नाही, आणि झेंडा लावलेली शेवटची सायकल समोरून गेल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या सायकलवर क्लबमधला सगळ्यात शांत माणूस बसवा. मागून एक जीप, ज्यांना थांबायचं आहे त्यांच्यासाठी.

घाटीत मोबाईलची रेंज जाते. प्रत्येक टेबलाच्या जागी उभं राहून वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून फोन लावून बघा. जिथे लागत नाही तिथे मोटारसायकलवाला ठेवा. मार्शलांचा नाश्ता आणि चहा साडेपाचला त्यांच्या जागेवर पोचवा. उपाशी माणूस आठ वाजता निघून जातो आणि त्याला दोष देता येत नाही.

आदला दिवस आणि ती सकाळ

बिब शनिवारी संध्याकाळी वाटून संपवा. सकाळी फक्त सामान ठेवणं आणि संडास. संडासांची रांग हीच उशिरा सुटण्याची खरी कारणं पुरवते. शाळेचे पुरेनात म्हणून फिरते मागवा, बायकांचे वेगळे आणि उजेडात. पाण्याच्या गाड्या पहाटे चारला निघाल्या पाहिजेत, सगळ्यात लांबच्या टेबलाकडे आधी.

पावणेसहापर्यंत एक माणूस पूर्ण मार्ग मोटारसायकलवरून फिरून येतो: दिवे, ओलं वळण, बसलेली गुरं, रात्रीतून कुणी टाकलेली खडी. त्याचा फोन आला की मगच सोडायचं. पाहुणे आले नसतील तरी ठरल्या वेळी सोडा. दहा मिनिटांचं भाषण शेवटच्या धावपटूच्या डोक्यावर दहा मिनिटांचं ऊन बनून येतं. भाषणं बक्षिसांच्या वेळी करा, आणि बक्षिसं शेवटचा माणूस आल्यावर. तोपर्यंत कमान, मॅट आणि घावण्यांचा तवा, काहीही काढायचं नाही.

धावून झाल्यावर

शेवटच्या सायकलीमागोमाग पोती घेतलेली टोळी चालत येते आणि पेले, केळ्यांची सालं, पिना उचलते. दुपारी बारापर्यंत रस्ता होता तसा दिसला पाहिजे. निकाल त्याच संध्याकाळी, तक्रारींना दोन दिवस, मग अंतिम. आठवड्याच्या आत गावांत परत जा, यावेळी हिशेबाचा कागद घेऊन: किती जमले, कशावर गेले, उरले ते कुठे. लोक काय नडलं ते तेव्हा मोकळेपणाने सांगतात.

आणि प्रत्येक टेबलावरून एक आकडा त्याच दिवशी लिहून घ्या: साडेआठला किती जार शिल्लक होते आणि उचलताना किती. पुढच्या वर्षी पाणी मागवताना हाच कागद समोर ठेवायचा आहे, म्हणून तो पावत्यांच्या फाईलमध्ये लावा.